हिरवा बांबू काळा का?

दोस्तांनो, कोजागिरी जवळ आली की चित्रकलेच्या तासाला एक विषय हमखास येतो. 'चांदण्या रात्रीचे दृश्य'. तुम्ही काय काढता ते मी न बघताच सांगतो. आधी सगळा कागद निळा. वरच्या कोपऱ्यात आईची बांगडी ठेवून काढलेला पिवळाधमक चंद्र. खाली नदी, नदीत होडी, काठावर वाकलेलं नारळाचं झाड आणि एक झोपडी. झोपडी लाल, झाड हिरवं, होडी तपकिरी. वेळ उरला तर दोन-चार चांदण्या. बरोबर ना?

चित्र वाईट असतं असं नाही. पण मला सांगा पाहू, त्या झोपडीची सावली कुठाय? आणि रात्री नऊ वाजता, नुसत्या चंद्राच्या उजेडात, झोपडी लाल आहे हे तुम्हाला दिसलं कसं?

आता तिसरा प्रश्न. चीनमधल्या चित्रकारांनी काढलेले बांबू तुम्ही कुठं ना कुठं पाहिले असतीलच. कॅलेंडरवर, चहाच्या डब्यावर, एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर. उभी कांडी, टोकदार पानांचे झुपके, आणि सगळं कसं काळंशार! बांबू तर हिरवा असतो. आपल्या कोकणातला कळक हिरवा, विदर्भातला बांबू हिरवा, चीनमधलाही हिरवाच. मग तिथल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं तो काळ्या शाईनं का रंगवला? त्यांच्याकडे हिरवा रंग नव्हता की काय? होता की! चांगला भरपूर होता.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. ती सोडवायची तर आधी चंद्राचीच थोडी चौकशी करायला हवी.

चंद्र आपल्याला दुधासारखा पांढरा दिसतो. पण त्याची जमीन खरं म्हणजे चांगली काळपट आहे, जवळजवळ जुन्या डांबरी रस्त्याइतकी. तिच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी शेकडा बाराच्या आसपास प्रकाश ती परत फेकते. बाकीचा तिथंच जिरतो. शिवाय चंद्र आपल्यापासून लांब. त्यामुळं पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडापेक्षा सुमारे चार लाख पटींनी कमी असतो. चार लाख! आणि अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं ना? छे! जेमतेम दहावा हिस्सा.

इतक्या कमी उजेडात आपले डोळे वेगळ्याच पद्धतीनं काम करतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. एक शंकूपेशी. त्या रंग ओळखतात, बारीकसारीक तपशील टिपतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दुसऱ्या दंडपेशी. त्या अगदी थोड्या उजेडावर भागवतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि बारकावेही नीट दिसत नाहीत. चांदण्यात हे दंडपेशीचं खातंच जोरात चालू असतं. म्हणून चांदण्यात झाड दिसतं, पण पानाच्या शिरा दिसत नाहीत. पुस्तक दिसतं, अक्षर लागत नाही.

एक गंमत करून बघा. जास्वंदीची एक फांदी घ्या, लाल फूल आणि पानं दोन्ही असलेली. दिवसा लाल फूल कसं उठून दिसतं, पानं मागं पडतात. तीच फांदी चांदण्यात वीस-पंचवीस मिनिटं बसून मग बघा. फूल काळं पडलेलं असेल आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ! यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पहाटेच्या अंधुक उजेडात फुलं पाहताना हे हेरलं. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून असं होतं. तेव्हा तुमची ती लाल झोपडी गेली बरं का! चांदण्यात ती काळपटच दिसणार.

आता सावलीकडे वळू. भरदुपारी झाडाच्या सावलीत उभे राहा. तिथंही तुम्हाला सगळं दिसतं. फरशीचा रंग, पडलेली पानं, मुंग्यांची रांग. म्हणजे दिवसाची सावली म्हणजे थोडा कमी उजेड, एवढंच. पण चांदण्यातल्या सावलीत डोळ्यांना काहीच सापडत नाही. रंग नाही, खडबडीतपणा नाही, मुंग्या नाहीत. पांढऱ्या भिंतीवर फांदीची सावली पडली असेल तर ती एकदम सपाट आणि काळी दिसते. नुसता आकार. जणू कुणी भिंतीवर शाईनं फांदी काढून ठेवलीय.

आलं का लक्षात, आपण कुठं निघालोय ते?

जुन्या काळी चीनमधल्या साध्या घरांच्या खिडक्यांना काच नसे. लाकडी जाळीवर पातळ पांढरा कागद चिकटवत. वारा बाहेर राही, उजेड आत येई. आता कल्पना करा. खिडकीबाहेर बांबूचं बेट आहे, त्यामागं चंद्र उगवलाय आणि तुम्ही खोलीत दिवा न लावता बसला आहात. खिडकीचा कागद उजळलाय आणि त्यावर बांबूची पानं हलताहेत. काळी, टोकदार, एकमेकांवर चढलेली.

तिकडे एक दंतकथा सांगतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वी, म्हणजे दहाव्या शतकात, चीनच्या नैर्ऋत्येला शू नावाचं राज्य होतं. ते लढाईत हरलं आणि ली आडनावाच्या एका बाईला जिंकणाऱ्या सेनापतीनं आपल्या घरी नेलं. तिला चित्रं काढता येत, लिहिता येई. पण त्या परक्या घरात तिचं मन कसं रमावं? एका रात्री ती एकटीच बसली होती. समोर खिडकीच्या कागदावर बांबूच्या सावल्या नाचत होत्या. ती उठली, कुंचला शाईत बुडवला आणि त्या सावल्या होत्या तशा कागदावर गिरवल्या. सकाळी पाहते तर खिडकीवर जिवंत बांबू! पुढं लोक तिचं अनुकरण करू लागले आणि शाईच्या बांबूची चित्रं सुरू झाली, असं म्हणतात.

ही गोष्ट लिहून ठेवली गेली ती शेकडो वर्षांनंतर, त्यामुळं ती खरी धरायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मला तिच्यातली एक गोष्ट फार आवडते. तिनं बांबू काढला नाही. बांबूची सावली काढली. आणि सावली काळीच असते! हिरव्या बांबूला काळी शाई का, याचं याहून सोपं उत्तर कुठं मिळेल?

सू दोंगपो हे नाव मात्र दंतकथेतलं नाही. तो अकराव्या शतकातला फार मोठा कवी आणि शाईचे बांबू काढणारा चित्रकारही. सरकारवर टीका करणाऱ्या कविता लिहिल्या म्हणून त्याला पकडलं आणि राजधानीपासून दूर एका लहान गावात धाडलं. तिथं १०८३ सालच्या एका रात्री तो झोपायच्या तयारीत होता, तेवढ्यात दारातून चांदणं आत आलं. त्याची झोप उडाली. तो उठून जवळच्या देवळात राहणाऱ्या मित्राकडे गेला. मित्रही जागाच! दोघं अंगणात फिरू लागले. तर अंगण पाण्यानं भरलंय असं वाटावं आणि त्या पाण्यात पाणवनस्पतींचा गुंता दिसावा. नीट पाहिलं तेव्हा कळलं, पाणी कसलं, ते चांदणं होतं. आणि पाणवनस्पती म्हणजे बांबूच्या आणि सुरूसारख्या झाडांच्या सावल्या. त्यानं यावर अगदी लहानसा लेख लिहिला. वहीचं अर्धं पानही भरणार नाही एवढा. चीनमधली शाळकरी मुलं तो आजही अभ्यासतात.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे येतो. त्याचं नाव जंग शिए, पण सगळे त्याला बान्चियाओ म्हणतात. बान्चियाओ म्हणजे फळ्यांचा पूल! जन्म १६९३ चा. घरची गरिबी, आई लहानपणीच गेली. घर गवतानं शाकारलेलं, दोन खोल्यांचं, आणि दक्षिणेला लावलेला बांबू. थंडी सुरू झाली की खिडकीच्या चौकटीवर नवा पांढरा कागद चिकटवायचा. उन्हानं जरा ऊब आली की गारठलेल्या माश्या त्या कागदावर आपटून टुकटुक आवाज करायच्या. (माश्यांचा हा बारकावा त्यानं स्वतःच लिहून ठेवलाय. चित्रकाराचे कानसुद्धा उघडे असतात, बघा!) आणि त्याच कागदावर बांबूच्या सावल्या पडायच्या. दिवसा उन्हाच्या, रात्री चांदण्याच्या.

पुढं त्याचं मोठं नाव झालं तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की बांबू काढायला आपण कुणा गुरूकडे शिकलो नाही. जे काही आलं ते खिडकीचा कागद, चुन्याची भिंत, ऊन आणि चांदणं यांच्याकडून आलं.

हे वाचून लगेच क्लास सोडू नका हं! सावली गिरवली की झालं चित्रकार, इतकं ते सोपं नव्हतं. शाईचा बांबू काढायचा म्हणजे रबर नाही, पांढरा रंग फासून चूक झाकणं नाही. कागद शाई लगेच पितो. कांडं बहुतेक एका फटकाऱ्यात काढायचं, पेरापाशी केसभर जागा कोरी सोडायची, मग पुढचं कांडं. पान तर एकाच दमात. कुंचला टेकवा, दाबा, पुढं न्या, हलकेच उचला. हात अडखळला की पान मेलं. बान्चियाओ सांगायचा की डोळ्यांना दिसलेला बांबू वेगळा, मनात उतरलेला वेगळा आणि हातून कागदावर उमटतो तो आणखीनच वेगळा. ज्यानं चित्र काढताना कधी तरी कागद चुरगळून फेकलाय, त्याला हे बरोबर समजेल.

बान्चियाओ पुढं सरकारी अधिकारी झाला. आपल्याकडचा मामलेदार म्हणा ना. त्याच्या भागात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा वरून हुकूम यायची वाट न बघता त्यानं सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. त्या दिवसांत वरिष्ठाला भेट म्हणून त्यानं काय पाठवलं असेल? बांबूचं चित्र! आणि त्यावर एक छोटी कविता, की बांबूची सळसळसुद्धा मला गरिबांच्या दुःखाची आठवण करून देते. वरिष्ठांना अशी भेट कितपत रुचते, ते तुमच्या आईबाबांना विचारा. १७५३ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि तो यांगजोउ शहरात चित्रं विकून पोट भरू लागला. तिथं त्यानं चक्क दरपत्रक लावलं होतं. मोठ्या चित्राला चांदीचे सहा तोळे-बिळे, मधल्याला चार, लहानाला दोन, असं. (तिथलं वजन वेगळं, पण हिशेब कळला ना?) वर तळटीप, की खाऊ आणि भेटवस्तू आणू नका, रोख आणा!

आता जरा जपानमध्ये डोकावू. तिथं लाकडी ठशांनी छापलेली चित्रं लोक आवडीनं विकत घेत. त्या चित्रांत रात्र असे, चंद्र असे, पण माणसांच्या सावल्या मात्र क्वचित. आपल्या जुन्या राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांतही तसंच आहे. आकाश काळंनिळं, त्यात चंद्र, चांदण्या, आणि खाली नायिकेची ओढणी भरदिवसासारखी झगझगीत केशरी. सावलीचा पत्ता नाही. त्या चित्रकारांना येत नव्हतं असं कृपा करून म्हणू नका. 'ही रात्र आहे' एवढं चंद्र सांगतोच. मग नायिकेचा सुंदर चेहरा अंधारात का घालवायचा, असा त्यांचा सरळ विचार असावा.

पण हिरोशिगे नावाच्या जपानी चित्रकारानं १८५६ मध्ये एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, नाटकगृहांच्या रस्त्याचं एक चित्र केलं. सारुवाका-माची त्या रस्त्याचं नाव. वर पूर्ण चंद्र, रस्त्यावर माणसं, आणि प्रत्येकाच्या पायाशी करड्या रंगाची सावली. बस, एवढंच. कधी हे चित्र छापलेलं सापडलं तर चंद्रावर अंगठा ठेवून तो झाकून बघा. तरी चांदणं राहतंच! कारण ते चंद्रात नसून त्या सावल्यांत आहे.

सावली कागदावर आणायला काळी शाई पुरते. पण खुद्द उजेड आणायचा तर? रंगाच्या डबीत काही दिवा नसतो. पांढऱ्यात पांढरा रंग घेतला तरी तो कागदाहून फार उजळ होत नाही. इथं रशियातला एक चित्रकार भेटतो, आर्हिप कुइंजी. तो आजच्या युक्रेनमधल्या मारिउपोल गावचा, चांभारकाम करणाऱ्या ग्रीक कुटुंबातला. लहानपणीच आईवडील गेले. हंस राखले, पडेल ती कामं केली, फोटोवर हातानं सुधारणा करण्याचं कामही केलं. १८८० मध्ये त्यानं सेंट पीटर्सबर्ग शहरात एक प्रदर्शन भरवलं. प्रदर्शनात चित्रं किती? एक!

चित्राचं नाव 'नीपर नदीवरची चांदणी रात्र'. खिडक्यांना जाड पडदे लावून खोलीत अंधार केला होता आणि त्या एका चित्रावर विजेच्या दिव्याचा झोत सोडला होता. लोकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. आत गेलेल्या कित्येकांना खात्रीच पटली की चित्रामागं दिवा लपवलाय. काहींनी चक्क मागं वाकून पाहिलं! मागं अर्थातच काही नव्हतं.

मग उजेड आला कुठून? अंधारातून. जवळजवळ सगळं चित्र काळोखी आहे. जमीन, आकाश, गावातली घरं, सारी गडद. उजळ आहे तो फक्त चंद्र, त्याच्या भोवतीचे ढग आणि खाली हिरवट चमकणारा नदीचा पट्टा. आणि आणखी एक युक्ती. काठावरच्या झोपडीच्या खिडकीत एवढासा तांबूस दिवा. तो इवला उबदार ठिपका शेजारी आहे म्हणून नदी इतकी थंडगार वाटते. आता तुमचं ते चित्र आठवा. सगळा कागद मध्यम निळा, झोपडी लालभडक, झाड हिरवंगार. मग बिचारा चंद्र चमकणार कुणाच्या जिवावर?

कुइंजीच्या मित्रमंडळीत शास्त्रज्ञही होते. मूलद्रव्यांचा तक्ता करणारे मेंडेलीव तर त्याचे चांगले मित्र. हो हो, विज्ञानाच्या पुस्तकातले तेच दाढीवाले! या चित्रावर त्यांनी १८८० मध्येच वर्तमानपत्रात लेख लिहिला. तरीही रंगांनी कुइंजीला फसवलं. त्याच्या काही रंगांत डांबरासारखा पदार्थ होता आणि असे रंग काळाबरोबर काळवंडत जातात. त्यातून चित्र विकत घेणाऱ्या राजपुत्राला ते इतकं आवडलं की त्यानं ते लांबच्या समुद्रप्रवासाला जहाजावर सोबत नेलं. तुर्गेनेव या लेखकानं पॅरिसमध्ये त्याला परोपरीनं सांगितलं, चित्र इथंच ठेव, खारी हवा सोसणार नाही. राजपुत्र ऐकेना. आज ते चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. पण १८८० च्या त्या खोलीत लोकांनी जे पाहिलं त्यापेक्षा ते बरंच काळोखं झालंय. दिवा शोधायला वाकणाऱ्या त्या माणसांना नेमकं काय दिसलं होतं, ते आता आपल्याला पाहायला मिळणार नाही. मारिउपोलमध्ये कुइंजीच्या नावाचं एक संग्रहालय होतं. मार्च २०२२ मध्ये युद्धातल्या हल्ल्यात तेही उद्ध्वस्त झालं.

असो. आपला चंद्र मात्र जागेवर आहे, आणि कोजागिरीला तो फुकट मिळतो. तेव्हा आता साहित्य जमवा.

एक जाड पांढरा ड्रॉइंग पेपर, क्लिपा लावलेला बोर्ड, काळी शाई किंवा काळा पोस्टर कलर, एक जाडसा गोल ब्रश आणि दोन वाट्या. एका वाटीत घट्ट काळा रंग. दुसरीत तोच रंग, पण भरपूर पाणी घालून पातळ केलेला. पेन्सिल आणि रबर घरातच राहू द्या, चांदण्यात त्यांचा उपयोग नाही.

आता आईबाबांना एक विनंती. गच्चीवरचा किंवा अंगणातला दिवा तेवढा अर्धा तास बंद ठेवा आणि मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि एकदा मोबाइल पेटला की ती सगळी मेहनत वाया जाते. शहरात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड गच्चीवर येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाची जागा शोधावी लागेल. दिव्याची सावली आणि चंद्राची सावली ओळखायची कशी? दिवा जवळ असतो, म्हणून त्याच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात. चंद्राच्या सावल्या मात्र सगळ्या एकाच दिशेनं पडतात.

कुंडीतलं कुठलंही झाड चालेल. गवती चहा फारच उत्तम, त्याची पानं बांबूसारखी लांब. शेवग्याची फांदीही छान, पण तिची पानं इतकी बारीक की सुरुवातीला दमछाक होते. संध्याकाळी उशिरा चंद्र पूर्वेला असतो, तेव्हा झाडाच्या पश्चिमेला बोर्ड उभा टेकवा. किंवा चंद्र चांगला वर आल्यावर कागद सरळ जमिनीवर ठेवा. तुम्ही मात्र बाजूला बसा. नाही तर बांबूऐवजी तुमचंच डोकं यायचं चित्रात!

आता नीट बघा. कागदाजवळच्या पानांची सावली कडक आहे, कडा स्पष्ट. लांबच्या पानांची मात्र पुसट आणि मऊ. याचं कारण चंद्र हा ठिपका नाही, थाळी आहे. पान कागदापासून एक मीटरवर असेल तर सावलीची कड जवळजवळ एक सेंटिमीटर फिसकटते. तीन मीटरवर असेल तर पावणेतीन-तीन सेंटिमीटर, म्हणजे बारीक पानाची गडद सावली उरतच नाही. तेव्हा स्पष्ट पानं घट्ट रंगानं काढा आणि पुसट पानं पातळ रंगानं. चिनी चित्रकारही जवळची पानं गडद शाईनं आणि मागची फिक्या शाईनं काढतात. त्यांना हे कुठं सुचलं असेल? मला तरी वाटतं, त्या खिडकीवरच.

बाहेरची रेघ काढून आत रंग भरत बसू नका. एक पान, एक फटकारा. आणि रेंगाळू नका! चंद्र सरकतो तशी सावलीही सरकते. दोन मीटरवरच्या पानाची सावली मिनिटाला पाऊण-एक सेंटिमीटर पुढं जाते. तुम्ही तिसरं पान काढेपर्यंत पहिलं पान आपली जागा सोडून निघालेलं असेल. मग काय करायचं? सावलीच्या मागं धावायचं नाही. जे राहिलं ते आठवणीतून पुरं करायचं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणाऱ्यांना स्मरणचित्राचा याहून चांगला सराव नाही.

चित्र तिथं काळोखात पाहून नाराज होऊ नका. आपण काय काढलंय हे तेव्हा धड दिसतच नाही. ते सकाळी उजेडात बघा. काही पानं गचका खाल्लेली असतील, एखादं मात्र असं उतरलेलं असेल की ते आपणच काढलंय यावर विश्वास बसणार नाही. चित्राच्या कोपऱ्यात झाडाचं नाव आणि रात्रीची वेळ लिहायला विसरू नका.

आणि कोजागिरीला नेमके ढग आले तर? बिघडलं काय! दुसऱ्या दिवशीचा चंद्रही जवळजवळ तेवढाच उजेड देतो, फक्त पाऊण-एक तास उशिरा उगवतो. मसाला दूध मात्र ठरल्या दिवशीच पिऊन घ्या.